भावाचं पुसलेलं बोलणं

आक्का हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये कामाला होती. लिनन रूम म्हणजे तळमजल्यावरची, धुलाईघराला लागून असलेली लांबट खोली. खिडक्या वर छताशी, त्यामुळे दिवसाही दिवे लागलेले. वरच्या मजल्यांवर माणसं बरी होत, मरत, घरी जात. खाली त्यांच्या फक्त चादरी येत. फाटलेल्या चादरीला ठिगळ लावायचं, ऑपरेशनच्या गाऊनचे तुटलेले बंद शिवायचे, उशांचे अभ्रे जोडायचे, आणि ज्या चादरीला ठिगळही धरत नाही ती फाडून तिची फडकी करायची, हे आक्काचं काम. हात इतका बसलेला की मान वळवून शेजारणीशी गप्पा मारत असली तरी मशीनखालची शिवण सरळ जायची. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही हे विचारणारे सुरुवातीला पुष्कळ होते, मग तेही कंटाळले. ती धाकट्या भावाच्या घरी राहायची. भाऊ, भावजय आणि ती. भावाला मूलबाळ नव्हतं.

भाऊ एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, पण त्याला तो फारसा लागत नसे. तो नुसता "ब्रेक!" म्हणून ओरडला की शिकणाऱ्याचा पाय आपोआप दाबला जाई, आणि शेजारून चाललेल्या दोन गाड्याही थांबत. त्याला सगळे ब्रेकमास्तर म्हणायचे. घरातही आवाज तोच. मीठ मागितलं तर शेजारी मीठ घेऊन येतील, असं भावजय म्हणायची. "जरा हळू बोला हो," ती म्हणाली की तो म्हणे, "हळूच तर बोलतोय," आणि ते वाक्य जिन्याखालपर्यंत ऐकू जाई.

आधी घसा खवखवायला लागला. मग आवाज बसला. "मास्तर, आता गाडी शिकायला मजा येते," असं शिकणारी मुलं म्हणाली, तो हसला. मग गिळताना दुखू लागलं. आक्कानेच ओळखीच्या डॉक्टरांना दाखवलं, आणि डॉक्टरांनी आक्कालाच आधी बाजूला बोलावून सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. काढलं तर जगेल, असं ते म्हणाले. किती, ते म्हणाले नाहीत. ऑपरेशन झालं त्या आठवड्यात आक्का लिनन रूममधल्या मऊ झालेल्या, एकही ठिगळ नसलेल्या चादरी हुडकून त्याच्या वॉर्डात पाठवत राहिली. तिच्या हातात तेवढंच होतं.

घरी आला तो गळ्याला भोक पडलेला, श्वास तिथूनच घेणारा. बोलायचं झालं तर लिहायचं. पण त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखं. एकदा भावजयीने काहीतरी भलतंच वाचलं आणि तिला हसू आवरेना, तर त्याने वही भिंतीवर फेकून मारली. हसू जागच्या जागी थिजलं. त्यानंतर ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घरी पाठवून दिला. शिकणाऱ्यांचे अर्ज भरून भरून भावाला त्यावर टाइप करायची सवय होतीच. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल लावलं, पडदा, म्हणजे स्क्रीन, सगळ्यांना दिसेल असा वळवला. काही सांगायचं असलं की तो टेबलावर तळहात आपटायचा. दोघी बघायच्या.

फाइल एकच होती. नवी उघडायचा त्याला कंटाळा. कालचं जिथे संपलं त्याच्याखाली आजचं सुरू. अशी ती फाइल महिनोन् महिने वाढत गेली. वाचणाऱ्याला तिच्यात अर्धंच सापडलं असतं, कारण बायको आणि बहीण तोंडाने बोलायच्या आणि लिहायचा तो एकटाच. "हो." "मीठ जास्त." "तो नाही, दुसरा." "आक्काला सांग, ओरडू नको, मी मुका झालोय, बहिरा नाही." हे शेवटचं आक्काला लागू होतं. तो बोलेनासा झाल्यापासून का कोण जाणे, ती त्याच्याशी मोठ्याने बोलू लागली होती.

वर्ष बरं गेलं. मग दुखणं उलटलं. या वेळी डॉक्टरांनी आक्काला बाजूला बोलावलं नाही, भावासमोरच सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो अंथरुणाला खिळला. टेबल पलंगाशी ओढलं, कीबोर्ड त्याच्या छातीवर ठेवायचा. दोन्ही हातांनी खटाखट लिहिणारा तो एका बोटावर आला. वाक्यं गेली, शब्द राहिले. खाण्यापिण्याचं, उठण्याबसण्याचं, औषधाचं, सगळं भावजय एकटी करायची. आक्का सकाळी कामावर जायची ती संध्याकाळी यायची.

गेला तो एका सकाळी, आक्का कामावर असताना. श्वास रात्रीपासूनच जड होता, पण तसा तो अधूनमधून असायचाच. भावजयीचा फोन लिनन रूममध्ये आला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. आक्का धावत घरी आली. तोवर शेजारी जमले होते, ड्रायव्हिंग स्कूलचे दोघं-तिघं जिन्यात उभे होते. त्या सगळ्यांच्या देखत आक्का भावजयीला म्हणाली, "मला आधी फोन का नाही केलास? हॉस्पिटलची गाडी दारात उभी केली असती मी."

भावजय म्हणाली, "ते नको म्हणाले, आक्का. मी विचारलं त्यांना. लिहिलंय तिथे."

"तो नको म्हणाला, आणि तू ऐकलंस?"

स्क्रीन पलंगाच्या उशाशीच होता. आक्काने तिकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा हा विषय तिने काढला नाही, भावजयीनेही नाही. पण काही बोलणी एकदाच बोलली तरी घर सोडून जात नाहीत.

त्या दिवसांत भावजय रोज दुपारी कॉम्प्युटर चालू करून बसायची. आक्काला वाटायचं, नवऱ्याचं लिहिलेलं वाचते, वाचू दे. घरी एकटीने बसून रडण्यापेक्षा बरं.

पंधरवडा होत आला असेल. ड्रायव्हिंग स्कूलच्या लोकांनी फार केलं होतं. त्यांचे आभार मानणारं चार ओळींचं पत्र त्यांच्या फळ्यावर लावावं, असं आक्काच्या मनात आलं. हाताने लिहिण्यापेक्षा छापलेलं बरं दिसेल. भावाने दुखण्यात तिला थोडंफार शिकवलं होतं : उघडायचं कसं, टाइप कसं करायचं, सगळं एकदम निवडायचं कसं, शेवटी सेव्ह करायचं. सुट्टीच्या दिवशी, भावजय बाजारात गेलेली असताना, ती टेबलाशी बसली. फाइल उघडली. समोर भावाचे शब्द. ते वाचायचा तिला धीर झाला नाही. सगळं निवडलं आणि पत्राचं पहिलं अक्षर दाबलं. त्यासरशी पान कोरं झालं. तिला बरंच वाटलं. भाऊ रोज सेव्ह करायचा, म्हणजे त्याचं सगळं आत ठेवलेलं असणार, असा तिचा समज. सेव्ह म्हणजे कपाटात घडी ठेवणं. घडीवर घडी. वरची ठेवली म्हणून खालची कुठे जाते? एका बोटाने तिने पत्र लिहिलं, सेव्ह केलं, मशीन बंद केलं, आणि कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर भावजय स्क्रीनसमोर बसलेली. स्क्रीनवर आभाराचं पत्र. भावजय वर-खाली, वर-खाली करत होती. पण पत्र चार ओळींचं, वर-खाली करायला त्यात होतं काय?

"यांचं कुठेय?" तिने विचारलं.

"आत असेल की," आक्का म्हणाली. "मी फक्त वरती पत्र लिहिलं."

"आत म्हणजे कुठे?"

आक्काने पुढे होऊन दोन-चार ठिकाणी दाबून पाहिलं. दुसरी फाइल नव्हतीच. जी होती तिच्यात तिचंच पत्र होतं, आणि खाली, भावाच्या शब्दांच्या जागी, तिचं नाव.

भावजय रडली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलंत. मी खोटी ठरावी म्हणून."

आक्काला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. शपथ घ्यायला हवी होती. पण ती हातातली पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेली. कारण मुद्दाम केलं नव्हतं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं होतं की ते शेवटचं लिहिलेलं तिने एवढ्या दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर भावजयीचं म्हणणं मान्य करावं लागलं असतं.

त्यानंतर घरात बोलणं कामापुरतं राहिलं. दूध आलं. गॅस संपला. कुलूप लावलंय. भावजय मशीन चालू करून तासन् तास शोधत बसायची, आणि आक्का आली की उठून आत जायची.

शेवटी आक्का बसथांब्याजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेली. जिन्याखालचं अरुंद दुकान, भिंतीला पोटं उघडलेली मशीनं, आणि चष्मा कपाळावर चढवून बसलेला एक पोक्त माणूस. त्याने ऐकून घेतलं.

"फाइल पुसली असतीत तर बरं होतं, ताई," तो म्हणाला. "पुसलेलं बऱ्याचदा नुसतं नजरेआड होतं, शोधून काढता येतं. तुम्ही तिच्यावरच दुसरं लिहिलंत. त्यानंतर मशीन वापरलं का?"

"भावजय रोज शोधते."

त्याने जिभेने च्च केलं. "त्या जेवढं शोधतात, तेवढं जास्त पुसलं जातं. मशीन चालू असलं की ते आपलं काही ना काही लिहीत राहतं, मोकळी जागा दिसेल तिथे. आजच्या आज इकडे आणा."

हे भावजयीला सांगायचं काम आक्कावर आलं. शोधून शोधून तूच उरलंसुरलं घालवलंस, असं तिने सांगितलं नाही. "त्याने मागवलंय," एवढंच म्हणाली आणि वायरी सोडवायला लागली. भावजयीने अडवलं नाही.

पुढचे काही दिवस आक्का कामावरून सुटली की दुकानात जाऊन स्टुलावर बसायची. दुरुस्तीवाल्याला आधी तिचा वैताग आला, मग सवय झाली. तो सांगायचा ते तिला आपल्या परीने कळायचं. जुन्या कापडाची शिवण उसवली तरी सुईची भोकं राहतात, तसं काहीतरी. लिहिताना प्रोग्रॅम आपला आपणच मधूनमधून नकला ठेवतो, काम झालं की टाकून देतो. त्या टाकलेल्यांपैकी एखादी शाबूत सापडली तर आपलं नशीब, तो म्हणाला.

एक सापडली. आक्का त्या संध्याकाळी पोचली तर त्याने चष्मा नाकावर घेतलेला होता आणि स्क्रीन तिच्याकडे वळवून ठेवलेला. पानंच्या पानं होती. "मीठ जास्त." "तो नाही, दुसरा." आक्काने तोंडाला पदर लावला. दुरुस्तीवाला उठून उगीच एक खोका इकडचा तिकडे ठेवायला लागला.

पण ती नक्कल भाऊ अंथरुणाला खिळला त्याच्या सुमाराला संपत होती. शेवटचे दोन महिने तिच्यात नव्हते. आणि जे हवं होतं ते त्या दोन महिन्यांच्याही अगदी शेवटी होतं.

त्याने आणखी खटपट केली. आता स्क्रीनवर नुसता कचरा यायचा, चौकोन, प्रश्नचिन्हं, तुटकी अक्षरं, आणि त्यात कुठेतरी एखादा मराठी शब्द. आक्का तांदळातले खडे निवडावेत तशी एकेक ओळ बघायची. "उशी" सापडलं. "खिडकी उघड" सापडलं. बाकी काही नाही. सगळं चाळून झाल्यावर तो म्हणाला, "यापुढे माझ्याच्याने होणार नाही. कुणी तुम्हाला करून देतो म्हणाला, तरी विश्वास ठेवू नका."

आक्काने आधी सापडलेली नक्कल पुन्हा उघडायला लावली. मग तिने विचारलं, "याच्या शेवटी एखादी ओळ घालता येईल का?"

दुरुस्तीवाल्याने तिच्याकडे पाहिलं. "घालता काहीही येतं," तो म्हणाला. काय घालायचंय, ते त्याने विचारलं नाही. खुर्ची मागे ओढली, आणि चहा सांगून येतो म्हणून बाहेर गेला.

आक्काने सापडलेले दोन तुकडे नकलेच्या शेवटी लावले. त्याच्याखाली एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं : "आता दवाखाना नको. मला घरीच राहू दे." पुन्हा वाचलं. भाऊ असंच म्हणाला असता, असं तिला वाटलं. खरं तर तिने भावजयीचंच म्हणणं भावाच्या तोंडी घातलं होतं. त्यात आपण तिला काही देतोय असं तिला वाटत होतं, आणि आपली सुटका होईल असंही. मग तिने सेव्ह केलं.

रविवारी मशीन घरी आलं. वायरी लावल्या, फाइल उघडली, आणि आक्का एवढंच म्हणाली, "मिळालं बरंचसं."

भावजय टेबलाशी बसली. तिने पहिल्यापासून सुरुवात केली. आक्का स्वयंपाकघरात भांडी लावत होती. लावून झालेली खाली काढून पुन्हा लावत होती. मध्येच बाहेरून हसल्यासारखा आवाज आला, एकदा नाक ओढल्याचा. दुपार टळून गेली. मग काहीच आवाज येईना, तशी आक्का दारात आली.

भावजय शेवटच्या ओळीवर थांबली होती.

"हे त्यांनी नाही लिहिलेलं," ती म्हणाली.

आक्का हातातलं भांडं पदराने पुसायला लागली.

"त्यांच्या बोटात एवढं लिहायचं बळच नव्हतं, आक्का. शेवटी शेवटी एक शब्द लिहायला किती वेळ लागायचा, तुम्ही पाहिलं नाहीत. तुम्ही कामावर असायचात."

"मग काय लिहिलं होतं त्याने?"

"नुसतं नको."

आक्का पलंगाच्या कडेला टेकली. पलंग अजून तिथेच होता.

भावजय स्क्रीनकडेच बघत बोलत होती. "श्वास लागला होता. मी घाबरले. मी विचारलं, पाणी देऊ का, हॉस्पिटलात जाऊ या का. एकदमच विचारलं, एका दमात. त्यांनी नको लिहिलं. मी म्हटलं, बरं. मग त्यांनी डोळे मिटले. पाण्याला नको म्हणाले की हॉस्पिटलला, ते मला तेव्हाही कळलं नाही. पुन्हा विचारायला हवं होतं. म्हणून रोज उघडून बघत होते मी. वाटायचं, नीट बघितलं तर कळेल. आजूबाजूला आणखी एखादं अक्षर असेल, माझ्या नजरेतून सुटलेलं. आणि तुम्हाला मी सगळ्यांसमोर सांगितलं, लिहिलंय म्हणून."

"त्याला हॉस्पिटल नकोच होतं," आक्का म्हणाली. "पहिल्यापासूनच त्याला..."

"तुम्ही म्हणू नका," भावजय म्हणाली. रागाने नाही. "निदान तुम्ही तरी म्हणू नका. तुम्हाला नाही माहीत."

मग तिने आक्काची ओळ पुसली. एकदम नाही, मागून एकेक अक्षर. दे, राहू, घरीच, मला. "नको"शी आल्यावर तिचं बोट थांबलं, पण तेही तिने पुसलं, कारण ते आक्काने लिहिलेलं होतं. शेवटी "खिडकी उघड" उरलं. तिने सेव्ह केलं.

"मी त्या दिवशी बोलले ते..." आक्काने सुरुवात केली.

"राहू द्या," भावजय म्हणाली.

पुढच्या काही रविवारी दोघी एकत्र टेबलाशी बसल्या. कल्पना भावजयीची होती. भावाच्या प्रत्येक ओळीच्या वर, आपण तेव्हा काय विचारलं होतं ते ती आठवून सांगायची आणि आक्का टाइप करायची, म्हणजे वाचणाऱ्याला अर्धंच बोलणं दिसणार नाही. सुरुवातीची पानं भराभर झाली. "मीठ जास्त"च्या वर आमटीचं आलं, "तो नाही, दुसरा"च्या वर शर्टाचं. एका ठिकाणी दोघींचं जुंपलं, तो प्रश्न कुणी विचारला होता यावरून, आणि त्या दिवशी आक्काला घर जरा घरासारखं वाटलं. पण जसजशी पानं पुढे गेली तसतशी भावजय अडखळायला लागली. "हो" पुष्कळ होते. कशाला हो, ते आठवेना. उगीच काहीतरी सांगायला तिचं मन घेईना, आणि आक्का तर आता स्वतःहून एक शब्दही घालायला धजत नव्हती. एका रविवारी भावजय म्हणाली, "पुढचं नाही येत मला आठवत," आणि मशीन बंद केलं. ते काम तिथेच राहिलं.

वर्षाच्या आतच भावजय आपल्या बहिणीकडे राहायला गेली. भांडून नाही. बहीणही एकटीच होती, आणि दुसऱ्या गावातलं तिचं ते घर भावजयीच्या ओळखीचं होतं. जाताना तिने फाइलची एक नक्कल बरोबर नेली. आक्का मागे एकटी राहिली, कामावर जात राहिली. लिनन रूममध्ये पूर्वी गप्पांना ती पुढे असायची. आता शेजारणी म्हणायच्या, आक्का मशीनवर मान घालून बसते आणि तरी शिवण वाकडी जाते.

दोघींचे फोन होत. गुडघे, औषधं, पाण्याची टाकी, असल्या गोष्टी. भावाचा विषय दोघीही टाळत. एकदा मात्र फोन ठेवता ठेवता भावजय थांबली.

"आक्का, 'खिडकी उघड'च्या आधी मी काय म्हटलं असेल हो? तुम्हाला काही आठवतंय?"

आक्काने आठवून पाहिलं. आठवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

"नाही गं," ती म्हणाली. "मी घरी नव्हते."

"हो," भावजय म्हणाली, "ते खरंच."